कान्हेरीचें अपुरें लेणें

खारदांड्याच्या कोळीवाड्यापासून दक्षिणेस गेलें म्हणजे वांद्र्याची टेकडी लागते. तिच्या माथ्यावर मोतमाउलीचें देऊळ आहे. देवळाची आजची इमारत इ. स. १९०४ मधील आहे. परंतु त्या जागीं पोर्तुगीज अमदानीपासून प्रार्थनामंदिर होतें. अठराव्या शतकांतील लढायांच्या धामधुमींत तें नष्ट झालें आणि पुढें पुन्हां उभें राहिलें. डोंगरावरचें देवस्थान बांधून पुरें झालें असें लोक म्हणतात, तेव्हां तें बहुधा त्या एका पिढीपुरतेंच खरें असतें.

याच जुन्या साष्टी बेटावर, खारदांड्याहून सरळ रेषेंत सुमारें ११ मैल उत्तरेस, एक धर्मस्थान असें आहे कीं, त्याचें काम आठ-नऊशें वर्षें चालूच होतें. तें स्थान म्हणजे कान्हेरी. बोरिवलीच्या डोंगरांत खोदलेलीं शंभरांहून अधिक लेणीं तेथें आहेत. ख्रिस्ती शकाच्या आरंभाच्या आगेमागें पहिल्या छिन्नीचा घाव तेथें पडला, आणि नवव्या शतकांतहि त्या डोंगराला दानें मिळतच होतीं. म्हणजे मधल्या काळांत जो जो यात्रेकरू तो डोंगर चढून गेला, त्याला तें स्थान अपुरेंच दिसलें. एका ओवरींत भिक्षु पाठ म्हणत बसलेले आणि पलीकडे पाथरवटांच्या हातोड्यांचा आवाज चाललेला, असेंच त्या डोंगराचें रूप पिढ्यान् पिढ्या राहिलें असलें पाहिजे. अशा स्थानाचा इतिहास पाहतांना "हें कोणी बांधलें?" एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. "हें इतका काळ चालू कसें राहिलें, आणि शेवटीं थांबलें कां?" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम जागेचा विचार करूं. कान्हेरी हें नांव कृष्णगिरि या संस्कृत नांवापासून आलें आहे. तेथील प्राकृत लेखांत डोंगराला कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर, म्हटलें आहे. डोंगराची उंची सुमारें १,५०० फूट. भोंवतीं दाट रान, म्हणून जागा एकांताची; परंतु ती जगापासून तुटलेली मात्र नव्हती. उत्तरेस शूर्पारक म्हणजे सोपारें, पूर्वेस कल्याण आणि दक्षिणेस खाडीपलीकडे चेमुल म्हणजे चौल, अशीं तीन नामांकित बंदरें या डोंगराच्या तिन्ही अंगांस होतीं. देशावरचा माल नाशिकच्या व नाणेघाटाच्या वाटांनीं या बंदरांत उतरे आणि गलबतांत चढून अरबी समुद्रापार जाई. कान्हेरीच्या लेखांत दान देणाऱ्यांचीं जीं गांवें आढळतात, तीं कल्याण, सोपारें, चौल, नाशिक अशींच आहेत. दाते म्हणजे केवळ राजे नव्हेत. व्यापारी आहेत, जवाहिऱ्या आहे, लोहार आहे, गृहस्थांच्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत. चौलच्या एका जवाहिऱ्यानें पाण्याचें टाकें खोदून दिलें. सातकर्णी राजाच्या एका राणीच्या अमात्यानेंहि एक टाकें दिलें. ही राणी शक महाक्षत्रपांच्या कुळांतील होती. सातवाहन आणि शक यांची लढाई चालली असतां त्यांच्यांत सोयरीकहि होती, हें इतिहासाला कळलें तें एका पाण्याच्या टाक्यावरील लेखावरून.

आतां खोदकामाच्या रीतीकडे वळूं. घर बांधतांना पाया आधीं आणि छप्पर शेवटीं, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. लेण्याचा नियम याच्या अगदीं उलट. कारागीर डोंगराच्या कड्यावर दर्शनी भाग आंखून घेत आणि छताच्या पातळीवरून आंत शिरत. छत आधीं पुरें होई. मग खालचा दगड थराथरानें काढीत भूमीपर्यंत यावयाचें. त्यामुळें उंच परांची बांधावी लागत नसे, कारण न खोदलेला दगड हाच कारागिरांच्या पायांखालचा ओटा असे. खांब असावयाचे तेथें दगडाचा ठोकळा राखून ठेवीत आणि सभोंवारचा भाग फोडून काढीत. यांतील गोम अशी कीं, एकदां निघालेला दगड पुन्हां बसवितां येत नाहीं. भिंतीची वीट चुकली तर काढून दुसरी घालतां येते. लेण्यांत चुकलेला घाव कायमचा चुकला. अजिंठ्याचें २४ वें लेणें अपुरें राहिलें आहे. तें पुरें होतें तर तेथील अत्यंत मोठ्या विहारांत गणलें गेलें असतें. परंतु खोदण्याची ही सारी रीत आज समजते ती अशा अपुऱ्या लेण्यांवरूनच. पूर्ण झालेलें काम आपली कृति लपवितें. अपुरें काम ती उघड करून दाखवितें.

असलें काम वर्षानुवर्षें चालवावयाचें तर देखरेख हवी. बौद्ध संघांत यासाठीं नवकर्मिक नांवाचा अधिकारी असे. नव्या बांधकामावर लक्ष ठेवणारा तो भिक्षूच असे. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या दाराशीं जो लेख आहे, त्यांत गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांचें दान सांगितलें आहे. त्याचबरोबर कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंचा, दगड फोडणाऱ्या शैलवर्धकींचा आणि झिलई करणाऱ्याचाहि उल्लेख आहे. पैसा देणाऱ्याचें नांव दगडावर कोरलें जाणें ही सर्व काळांतील रीत आहे. परंतु हात चालविणाऱ्याची आठवण ठेवणारे असे लेख थोडे.

आतां खर्चाचा हिशेब पाहूं. एक लेणें खोदून दिलें म्हणजे काम संपलें नाहीं. त्यांत राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्र, अन्न, औषध लागणार. यासाठीं "अक्षयनीवि" ही योजना होती. नीवि म्हणजे मुद्दल. तें कधीं खर्चावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें. या पद्धतीचा चोख नमुना नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजानें, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजानें. २,००० चें वर्षाचें व्याज २४० कार्षापण झालें. तें २० भिक्षूंना प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं अगदीं बरोबर पुरतें. दात्यानें हा हिशेब आधीं मांडून मगच रक्कम ठरविली होती हें उघड आहे.

कान्हेरीस यज्ञश्री सातकर्णीच्या कारकीर्दीच्या १६ व्या वर्षीं कल्याणच्या एका व्यापाऱ्यानें लेणें व कोठी दिली, २०० कार्षापणांची अक्षयनीवि ठेवली आणि शिवाय मंगलस्थान गांवचें एक शेत दिलें. त्याच्या उत्पन्नांतून भिक्षूंना वस्त्र आणि पावसाळ्यांतील खर्च मिळावा अशी योजना होती. नाशिकचाच दर धरला तर २०० चें वर्षाचें व्याज २४ कार्षापण होतें. एवढ्यांत पुष्कळ भिक्षूंचें भागणार नाहीं, म्हणूनच त्याला शेताची जोड दिली असावी. हें मंगलस्थान म्हणजे बोरिवलीचें मागाठाणें. आजच्या मुंबईकरास मागाठाणें ठाऊक आहे तें बसगाड्यांच्या आगाराच्या नांवावरून. अठराशें वर्षांपूर्वीं तेथील शेतावर डोंगरावरच्या भिक्षूंचा चातुर्मास चालत होता.

चातुर्मास म्हणतांना पावसाची आठवण होते, आणि कान्हेरीचें खरें कौशल्य पाहावयाचें तर तें पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थेंतच पाहावें. पावसाळ्याचे चार महिने त्या डोंगरावर धो धो पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खडक तापत राहतो. तेव्हां जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारीं खडकांत पाण्याची पोढी खोदलेली आहे. वरच्या कातळावर पन्हळी कोरून पावसाचें पाणी त्या पोढ्यांत उतरविलें आहे. दगडांत पायऱ्या आहेत, बसावयास ओटे आहेत. आज सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि अनेक पोढ्यांत पाणी सांठतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबई शहराला पाणी कमी पडूं लागलें, तेव्हां इंग्रजी अंमलांतील इंजिनीयरांना याच डोंगरांच्या कुशींत यावें लागलें. विहार तलाव इ. स. १८६० मध्यें आणि तुळशी तलाव इ. स. १८७९ मध्यें तयार झाला. शहराचें पाणी डोंगर अडवून मिळवावयाचें ही युक्ति लोखंडी नळांच्या काळांत नवी वाटली. त्या डोंगराला ती जुनीच होती.

आतां खुद्द चैत्यगृहांत पाऊल टाकूं. तें सुमारें ८६ फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. त्याचा आराखडा कार्ल्याच्या चैत्यगृहावरून घेतलेला. परंतु कार्लें १२४ फूट लांब, म्हणून कान्हेरी त्याची लहान प्रत ठरते. आंत ३४ खांब आहेत. त्यांपैकीं एका ओळींतील ११ आणि दुसऱ्या ओळींतील ६ खांबांनाच घटाकृति तळखडे आणि कोरीव शिरोभाग आहेत. बाकीचे साधे अठपैलू राहिले. एका बाजूस ११ आणि दुसऱ्या बाजूस ६ ही विषम मांडणी कोणताहि शिल्पकार मुद्दाम करणार नाहीं. काम करणाऱ्यांच्या दोन तुकड्या दोन बाजूंनीं मागें सरकत जात असाव्यात, आणि कांहीं कारणानें एके दिवशीं हत्यारें खालीं ठेवलीं गेलीं असावींत. पैसा संपला, कीं दाता गेला, कीं राज्य बदललें, हें दगड सांगत नाहीं. परंतु चैत्यगृह त्यामुळें बंद पडलें नाहीं. स्तूप पूर्ण होता. पूजेला तेवढा पुरे होता. उलट दोन-तीन शतकांनंतर दुसऱ्याच पिढीनें त्याच चैत्याच्या ओवरींत दोन टोकांना सुमारें २२ फूट उंचीच्या दोन बुद्धमूर्ति कोरल्या. राहिलेले खांब मात्र कोणीं पुरे केले नाहींत. मागच्यांचें अपुरें काम संपविण्यापेक्षां आपलें नवें काम आरंभणें मनुष्याला अधिक आवडतें, हा अनुभव आजचा नाहीं.

वाटेवर प्रथम लागणारें पहिल्या क्रमांकाचें लेणें तर याहूनहि अपुरें. त्याचा दर्शनी भाग दुमजली योजलेला, खांब अवाढव्य; परंतु आंतलें काम राहून गेलेलें. डोंगराकडे येणाऱ्याचें स्वागत करावयास उभें केलेलें हें भव्य द्वार कोणत्याच दालनांत उघडत नाहीं.

मधल्या शतकांत मात्र कान्हेरी थांबली नव्हती. इ. स. १८३९ मध्यें डॉक्टर बर्ड यांस चैत्यासमोरील एका स्तूपांत ताम्रपट सांपडला. त्यावर त्रैकूटक राजांच्या शकाचें २४५ वें वर्ष, म्हणजे इ. स. ४९४-९५, आहे. सिंधु देशाकडील बुद्धरुचि नांवाच्या भिक्षूनें कृष्णगिरीच्या महाविहारांत शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे बुद्धशिष्य सारिपुत्राच्या, नांवानें तो स्तूप बांधला होता. दूर सिंधूकडून आलेल्या मनुष्यालाहि या डोंगरावर आपली एक भर घालावी असें वाटलें. याच पुढील काळांत तेथें अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरला गेला; भारतांतील लेण्यांत अशी दुसरी मूर्ति दाखवितां येत नाहीं.

नवव्या शतकांतील लेखांत स्वर थोडा निराळा लागतो. तेव्हां राष्ट्रकूट अमोघवर्ष याचें सार्वभौमत्व होतें आणि कोंकणांत त्याचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ च्या सुमाराच्या लेखांत जीं द्रम्मांचीं दानें आहेत, त्यांत पूजेसाठीं, विहाराच्या डागडुजीसाठीं, वस्त्रांसाठीं आणि पुस्तकांसाठीं निरनिराळी तरतूद केली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं गौड देशाच्या, म्हणजे बंगालच्या, एका भक्तानें ध्यानाच्या खोल्या करवून १०० द्रम्म ठेवले. पुस्तकांसाठीं वेगळी रक्कम काढणारी संस्था मेलेली नसते, हें खरें. तरी डागडुजीचा खर्च दानपत्रांत येऊं लागणें ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आतां नवा डोंगर फोडण्यापेक्षां खोदलेलें सांभाळणें हेंच मोठें काम होऊन बसलें होतें. ज्या बंदरांनीं हें स्थान पोसलें, त्यांच्या व्यापाराचे मार्ग पालटले, राजाश्रय देवळांकडे वळला, आणि देणाऱ्यांचा ओघ आटत गेला. कान्हेरी कोणा एका स्वारीनें उद्ध्वस्त केली असें समजण्याचें कारण नाहीं. ती हळूहळू थांबली.

पण येणारे थांबले नाहींत. एका लेण्यांत पहलवी लिपींत कोरलेले लेख आहेत. त्यांवर १० ऑक्टोबर आणि २४ नोव्हेंबर १००९, तसेंच ३० ऑक्टोबर १०२१ या दिवसांशीं जुळणाऱ्या यझ्दगर्दी तारखा आहेत. तेथें आलेल्या पारशी गृहस्थांचीं हीं नांवनिशी आहे. वेस्ट नांवाच्या पंडितानें ती इ. स. १८८० मध्यें वाचून प्रसिद्ध केली. महिन्यांकडे लक्ष दिलें तर एक साधी गोष्ट ध्यानांत येते: तिन्ही भेटी पावसाळा सरल्यावर, ओढे ओसरल्यावर आणि रान अजून हिरवें असतांना झाल्या आहेत. आजहि मुंबईकर कान्हेरीस जावयास तेच दिवस निवडतो. इराण सोडून आलेल्या, अग्नीची उपासना करणाऱ्या या लोकांनीं परधर्माच्या या डोंगरावर कांहीं फोडलें नाहीं, कांहीं पुसलें नाहीं. आपापल्या वडिलांच्या नांवासह आपलीं नांवें लिहिलीं आणि ते परतले.

इ. स. १५३४ मध्यें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियु दु पोर्तु या पाद्र्यानें चैत्यगृहाचें सेंट मायकेलचें प्रार्थनामंदिर केलें. बुद्धाच्या स्तूपासमोर ख्रिस्ताची प्रार्थना झाली, हा इतिहासांतील एक विलक्षण प्रसंग होय. दियोगु दु कौतु या पोर्तुगीज बखरकारानें कान्हेरीविषयीं लोकांत चालणारी एक कथा टिपून ठेवली. एका राजानें आपल्या पुत्राला जगाचें दुःख दिसूं नये म्हणून तेथें ठेविलें होतें, अशी ती कथा. कौतुला ती ऐकून ख्रिस्ती संत जोसाफट याच्या चरित्राची आठवण झाली. त्याचा तर्क वायां गेला नाहीं; जोसाफटची कथा ही मूळ बुद्धचरित्रच असून तें पश्चिमेकडे प्रवास करीत गेलें, हें एकोणिसाव्या शतकांत विद्वानांनीं सिद्ध केलें. त्यानंतर इ. स. १६७५ मध्यें फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य येऊन गेला. हे सारे पाहुणे एका ओसाड स्थानास आले होते; तरी त्यांच्या येण्यानें तें स्थान पुनःपुन्हां जगाच्या स्मरणांत राहिलें.

अपुरीं राहिलेलीं धर्ममंदिरें युरोपांतहि आहेत. जर्मनींतील कोलोन येथील महामंदिराचा पाया इ. स. १२४८ मध्यें घातला गेला. सोळाव्या शतकांत काम थांबलें, आणि अर्धवट मनोऱ्यावरची लांकडी यारी सुमारें चारशें वर्षें तशीच आकाशांत उभी होती. इ. स. १८४२ मध्यें काम पुन्हां सुरू होऊन १८८० मध्यें तें पुरें झालें. स्पेनमधील बार्सेलोना येथील सग्रादा फमिलियाचें काम इ. स. १८८२ मध्यें सुरू झालें. त्याचा प्रमुख शिल्पी गौदी १९२६ मध्यें वारला, तरी तें अजून सर्वस्वीं संपलेलें नाहीं, आणि लोक तिकीट काढून तें अपुरें मंदिर पाहावयास जातात. त्या मंदिरांना नकाशे होते, म्हणून मागून येणाऱ्यांना तें काम पुढें नेतां आलें. कान्हेरीचा मात्र संपूर्ण असा एक नकाशा कधींच नव्हता. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें एक ओवरी, एक टाकें, एक पायरी जोडली. तेव्हां कान्हेरी अपुरी राहिली असें तरी कसें म्हणावें? जें मुळांत पुरें करावयाचेंच नव्हतें, त्याच्या अपुरेपणाचा शोक करण्याचें कारण नाहीं.

शोक करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. कान्हेरीचा डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत असल्यामुळें राखला गेला आहे. परंतु ज्या मागाठाण्याच्या शेतानें त्या डोंगराला वस्त्र पुरविलें, तेथेंहि बौद्ध लेणीं होतीं. त्यांच्या भोंवतीं वस्ती वाढत जाऊन तीं आतां घरांच्या गर्दींत हरवलीं आहेत. डोंगर राहिला आणि त्याला पोसणारें गांव नाहींसें झालें. कान्हेरीच्या दात्यांना हें शहाणपण होतें कीं, लेणें देतांना त्याच्या डागडुजीचे पैसेहि द्यावे, आणि मुद्दल कधीं मोडूं नये. या उपनगरांत राहणाऱ्या आजच्या कुटुंबांच्या वांट्याला नवें लेणें खोदण्याचें काम आलेलें नाहीं. त्यांच्या वांट्याला आली आहे ती नवव्या शतकांतील दात्यानें ओळखलेली दुसरी गोष्ट: जें खोदून ठेवलें आहे तें सांभाळणें. ती अक्षयनीवि अजून मोडलेली नाहीं. तिच्यांतील मुद्दल मात्र थोडें थोडें कमी होत आहे.